वतन गेलं, हप्ता आला

मला घर आहे. हे सुरुवातीलाच छापून ठेवतो, कारण गेली दोन वर्षं जो उठतो तो मला बेघर ठरवतो आहे.

लोधिवलीच्या बौद्धवाडीत आमचं घर आहे. आज्याने ते कुडाचं बांधलं. बाबांनी विटांचं केलं. माझ्या पगारातून त्याच्यावरचे पत्रे बदलले. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे शेवग्याचं झाड. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. ग्रामपंचायतीची घरपट्टी दरसाल भरतो, पावत्या आईच्या पेटीत आहेत. या घरात सहा माणसं जन्मली, तीन मेली. याला घर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

पण साला सोयरिकीच्या कागदावर हे घर धरत नाहीत. बायोडाट्यात खाली एक रकाना असतो, 'स्वतःचं घर'. मी लिहिलं : आहे, मु. लोधिवली, ता. खालापूर. मामाने कागद वाचला आणि पेनाने ती ओळ खोडली.

"गावचं घर नाय लिहायचं. फ्लॅट असला तर लिही."

"फ्लॅट नाय मामा."

"मग लिही, बुकिंग चालू हाय."

कल्याणची मंडळी आली. चहा झाला, पोहे झाले. मुलीचा काका उठून मागचा शेवगा बघून आला, मोरीत डोकावला आणि बोलला, "हे ठीक हाय, पण मुलाचं स्वतःचं काय?" मी तिथेच बसलो होतो, माझ्या बापाच्या घरात, आज्याच्या जोत्यावर. त्याला ते दिसत नव्हतं. का दिसत नव्हतं? कारण हे घर बौद्धवाडीत आहे. गावकुसाबाहेरच्या घराला गावाने कधी घर म्हटलं नाही. आता आपलेच जयभीमवाले म्हणत नाहीत. दोस्तांनो, माझी पहिली तक्रार बिल्डरवर नाही. पहिली तक्रार या काकावर आहे आणि पेनाने खोडणाऱ्या माझ्या मामावर आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा पोरगा लग्न मोडलं म्हणून बोंबलतो आहे. बोंबलतो आहे, बरोबर. पण पूर्ण ऐका.

जुन्या मुंबई-पुणे हायवेने दांडफाट्यावरून चौककडे कधी तरी चालत या. झाडापेक्षा फलक जास्त. डोंगरदर्शन, तलावदर्शन, स्वर्ग, नंदनवन, अमुक ग्रीन्स, तमुक हिल्स. २०१३ साली सरकारने विमानतळाभोवतीचा पट्टा 'नैना' म्हणून सिडकोच्या हाती दिला, तेव्हापासून इथल्या भातखाचरांना भाव फुटला. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी पूल उघडला, भाव चढला. २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, आणखी चढला. मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबई पिते, धरणात जमिनी गेल्या आमच्या तालुक्याच्या, आणि आता त्याच पाण्याकडे तोंड करून खिडक्या विकल्या जातात. मुंबईच्या शेठजीला हे 'सेकंड होम'. शनिवारी येणार, कोंबडी भाजणार, रविवारी जाणार. त्याच फलकाच्या खाली बारीक अक्षरात आपल्यासाठी ओळ असते : भाडं भरण्यापेक्षा हप्ता भरा. त्याची हौस आणि आपली लाज, दोन्ही एकाच फलकावर विकायला काढली आहे.

मीही गेलो होतो बघायला. खोटं कशाला बोलू? आई बरोबर होती. नमुन्याचा फ्लॅट, पांढरी फरशी, नळाला गरम पाणी. आई स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावरून हात फिरवत राहिली. आयुष्यभर आधी चुलीपुढे, मग जमिनीवरच्या शेगडीपुढे उकिडवी बसून भाकऱ्या थापलेली बाई. उभं राहून स्वयंपाक करायचा असतो हे तिने इतरांच्या घरी धुणीभांडी करताना पाहिलेलं. ती काही बोलली नाही. मला बिल्डरला आईमाईवरून शिव्या द्यायच्या होत्या, पण घसा भरून आला. म्हणून सांगतो, ही गोष्ट सोपी नाही. घर हवंसं वाटणं हा गुन्हा नाही. त्या हवंसं वाटण्याला दोर बांधून आपल्याला कुठे ओढत नेतात, ते बघा.

आमची लोधिवलीत ११ गुंठे जमीन आहे. महार वतनाची. सातबाऱ्यावर सात वारस, भोगवटादार वर्ग २. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली, जमीन पुन्हा नावावर झाली, पण जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. त्यामुळेच टिकली. नाही तर कधीच कुणाच्या घशात गेली असती. आता एजंट घरी चकरा मारतो. पांढरी गाडी, गळ्यात चेन, तोंडाने 'जयभीम काका'. बोलतो, "परवानगी आमची, नजराणा आमचा, तलाठ्यापासून वरपर्यंत आम्ही बघतो. तुम्ही सात जणांनी फक्त सह्या द्या. २२ लाख."

मी हिशोब मांडला. २२ लाखांचे सात भाग, प्रत्येकी ३ लाख १४ हजार. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. ११ गुंठे म्हणजे ११,९७९ चौरस फूट. त्यातला बाबांचा सातवा हिस्सा १,७११ चौरस फूट. आणि जो वन बीएचके आम्हाला दाखवला तो ३५० चौरस फुटांचा, तिसऱ्या मजल्यावर, २३ लाखांना. म्हणजे १,७११ फूट भुई द्यायची, वर आईचं सोनं मोडायचं, फंडातून उचल काढायची आणि अशी ५ लाखांची भर घालून १८ लाखांचं कर्ज काढायचं. कशासाठी? तर आपल्यासारख्याच कुणाच्या तरी जमिनीवर अधांतरी बांधलेल्या ३५० फुटांसाठी. याला सौदा म्हणतात. खोताच्या काळी याला लूट म्हणायचे.

पुढे ऐका. १८ लाख, ९ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता महिन्याला १६,१९५ रुपये. हप्ते २४०. भरायचे एकूण ३८ लाख ८६ हजार. म्हणजे १८ लाखांवर जवळजवळ २१ लाख व्याज. पहिल्या हप्त्यातले १३,५०० रुपये नुसत्या व्याजात जातात, मुद्दलातून सुटतात २,६९५. दहा वर्षं इमानेइतबारे भरलंत, १९ लाख ४३ हजार बँकेच्या पोटात घातलेत, तरी १२ लाख ७८ हजार बाकी असतात. ही बँकेची अफरातफर नाही. हेच तिचं कायदेशीर गणित आहे. शाळेत चक्रवाढ व्याज शिकवलं तेव्हा गुरुजींनी हे उदाहरण दिलं असतं तर अर्धा वर्ग आजच शहाणा निघाला असता.

आता माझी नोकरी बघा. पाताळगंगा एमआयडीसीत कंत्राटी कामगार. गेटपासवर कंपनीचं नाव नाही, ठेकेदाराचं आहे. ऑर्डर ११ महिन्यांची. मग चार दिवस 'ब्रेक', मग पुन्हा ११ महिने. मोहोपाड्यात मी काही काळ खोली घेऊन राहिलो, तिचा करारही ११ महिन्यांचा. नोकरी ११ महिने, छप्पर ११ महिने, आणि कर्ज २४० महिने! ११ महिन्यांच्या माणसाला २४० महिन्यांचा शब्द देऊन बसवायचं. पगार थांबला तर? २००२ चा सरफेसी कायदा आहे. ९० दिवस हप्ता थकला की खातं बुडीत, मग ६० दिवसांची नोटीस, मग कोर्टात दावा न लावता ताबा. ठेकेदार मला एका दिवसात काढू शकतो. बँक मला सहा महिन्यांत काढू शकते. दोघांनाही कायद्याचा आधार आहे. आधार नाही तो मला.

आता मी मुद्द्यावर येतो.

वतन म्हणजे काय होतं रे? गावाने महाराला तोडून दिलेला जमिनीचा तुकडा. बदल्यात चोवीस तासांची चाकरी. वेशीवर जागायचं, सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, सांगावा घेऊन पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं. घरातला एक आजारी पडला तर दुसऱ्याने जायचं, बापा नाही तर बाईने जायचं. तुकडा इतका लहान की त्यावर पोट भरू नये, आणि इतका मोठा की सोडून जाववू नये. हीच त्याची कारागिरी. त्यावर कळस म्हणजे आपली माणसं त्याला मान समजत. आम्ही वतनदार! पाटलाला वतन, कुलकर्ण्याला वतन, तसं आम्हालाही वतन! गळ्यातल्या दाव्याला हार म्हणायची सवय लागली होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं ते याचसाठी. वतन तुम्हाला गावाला बांधून ठेवतं, वतनाने तुमचा स्वाभिमान मारला, हे त्यांनी सभासभांतून कानीकपाळी ओरडून सांगितलं. कायदा व्हायला १९५८ उजाडावं लागलं. तेव्हा बाबासाहेब नव्हते.

माझं म्हणणं एवढंच आहे. कर्जाचा फ्लॅट हे आपल्या पिढीचं नवं वतन आहे. लहान तुकडा, मोठी चाकरी, आणि वरून मान. हप्ता म्हणजे नव्या पाटलाची वेठ. फरक इतकाच की जुन्या वतनाला गाव हाका मारायचं, नवं वतन मोबाईलवर मेसेज पाठवतं.

अतिशयोक्ती वाटते? मग आमच्या गेटवरची हकीकत सांगतो. कंत्राटी पोरांना कायम करा म्हणून आम्ही अर्ज केला. ६१ सह्या. ठरलं की एक दिवस काम बंद ठेवायचं, गेटवर बसायचं. त्या दिवशी गेटवर आलो १९. बाकीचे ४२ आत मशीनवर. संध्याकाळी एकाला धरलं. वाडीतलाच दोस्त. भित्रा नाही तो. १ जानेवारीला भीमा कोरेगावला दरसाल जाणारा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावणारा. खाली मान घालून बोलला, "५ तारखेला हप्ता हाय रे." बस्स. पोलीस लागला नाही, लाठी लागली नाही, गुंड लागला नाही. कॅलेंडरवरची एक तारीख लागली. ज्या पोराला मनू वाकवू शकला नाही त्याला ५ तारखेने वाकवला. ते १९ कोण होतो माहीत आहे? ज्यांच्यावर कर्ज नव्हतं ते.

म्हणून मला राग येतो तो आपल्या सोयरिकींचा. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आपल्याकडे मंगल परिणय लागतो, भटजी नाही, मुहूर्त नाही, हुंडा नाही. स्टेजवरून छाती फुगवून सांगतो, आम्ही हुंडा घेत नाही. आणि आतल्या खोलीत विचारतो, फ्लॅट आहे का? वन की टू? कर्ज किती राहिलं? हा हुंडाच आहे रे भडव्यांनो, फक्त तो आता नवरदेवाकडून बँकेला जातो. वधूवर मेळाव्यात पोरगा माईकवर उभा राहतो आणि नाव, शिक्षण, नोकरीनंतर 'पनवेलला स्वतःचा वन बीएचके' म्हणतो, तेव्हा टाळी पडते. शिक्षणाला पडत नाही इतकी. जो चळवळीत आहे, वस्तीत अभ्यासिका चालवतो, त्याला विचारतात, "बाकी काय करता?" आणि पोरीच्या बापालाही दोष देऊन सुटता येत नाही. तो सासरी पोरीला रस्त्यावर काढतील या भीतीने विचारतो. पण मग फ्लॅटच्या कागदावर पोरीचं नाव असेल का, हे तो विचारतो का? नाही. म्हणजे भीती पोरीची नाही, फुशारकी भाईबंदांतली आहे.

यावर एक उत्तर येतं आणि ते खरं आहे, म्हणून त्याला टाळून जाणार नाही. उत्तर असं : "तुला बोलायला काय जातं? भाड्याने राहून बघ. जात विचारतात. म्हणून तर आपल्या माणसाला स्वतःचं घर लागतं."

राहून बघितलं. पनवेलला चार जागा बघितल्या. दलाल फोनवर 'साहेब साहेब' करतो, मग विचारतो, "पूर्ण नाव?" आडनाव ऐकलं की आवाज बदलतो. "मालकाला व्हेज फॅमिली पाहिजे." मी म्हटलं, मी अंडंसुद्धा खात नाही. तेव्हा मालकाचा भाचाच राहायला येणार आहे असं निघालं. मोहोपाड्यात खोली मिळाली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. ११ महिने संपले तेव्हा मालक बोलला, दुरुस्ती काढायची आहे. दुरुस्ती घराची नव्हती. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात याचीच पाहणी केली, ती २०१५ साली छापून आली. शिक्षण असो, नोकरी असो, नाव कळलं की दलितांना आणि त्यांच्याहूनही जास्त मुसलमानांना भाड्याच्या घराची दारं बंद होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याला त्यासाठी पाहणी लागत नव्हती, पण झाली हे बरं झालं.

आणि हे दार बाबासाहेबांच्याही तोंडावर आपटलेलं आहे. १९१७ साल. परदेशातून शिकून आलेले, बडोद्याच्या गायकवाडांच्या नोकरीत. राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून उतरले. कळल्यावर लाठ्या घेऊन माणसं आली, संध्याकाळपर्यंत खाली कर म्हणाली. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता, दोघांच्या घरी जागा निघाली नाही. गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब बागेत बसून राहिले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे दादरला हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधलं. पुस्तकांसाठी बांधलं.

तेव्हा स्वतःच्या भिंतीची भूक मला कळते. ती इज्जतीची भूक आहे. पण दोस्ता, इज्जत २३ लाखांना मिळते का? ऐक. २००५ साली सुप्रीम कोर्टासमोर अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहसंस्थेचं प्रकरण होतं. आमच्या संस्थेत पारशीच सभासद होईल, हा उपविधी कोर्टाने ग्राह्य धरला. दोष पारशांचा नाही, ते मूठभर आहेत. दोष या मुभेचा आहे. आपापल्या माणसांचं कुंपण घालायला सहकाराच्या कायद्यात जागा आहे असं एकदा ठरलं की उद्या ते कुंपण कोण कुणाविरुद्ध घालेल? बडोद्याची लाठी गेली, अहमदाबादचा उपविधी आला. भाड्याच्या दारावर जात विचारतात म्हणून एकट्याने कर्ज काढून पळायचं, आणि विचारणाऱ्याला मोकळं सोडायचं? मागून येणारा पोरगा त्याच दारावर उभा राहणार आहे. ज्याला कर्ज मिळत नाही तो. नाका कामगार, सफाई कामगार, एकटी बाई. त्यांची इज्जत कोण विकत घेणार?

आणि घर ही एकट्याने कर्ज काढून घ्यायची गोष्ट आहे, हे कधी ठरलं? फार जुनं नाही ते. आपल्या बापांच्या वयाची माणसं निवृत्त झाल्यावर फंड हातात आला की घर बांधायची. घरकर्ज हाच धंदा असलेली एचडीएफसी निघाली ती १९७७ साली. त्याच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकात, गोऱ्या सरकारने मुंबईत गिरणी कामगारांसाठी बीडीडी चाळी बांधल्या. १६० फुटांची खोली, संडास सामाईक. नरकच, पण भाड्याचा नरक. हप्ता नव्हता. त्या खोल्यांत राहून आपल्या माणसांनी सभा घेतल्या, पत्रकं छापली, १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल अंगावर घेतली. अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत लिहीत राहिले. कर्जाचा फ्लॅट असता तर चळवळ चांगली झाली असती असं कुणाला म्हणायचं असेल तर त्याने पुढे यावं. त्याच वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५५६ चाळकऱ्यांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. कर्ज काढून नाही, वर्षानुवर्षं हटून बसून, संघटना करून.

आपल्या दारातलं बघा. रसायनीला केंद्र सरकारचा हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स होता. कंपनी १९६० ची. कामगारांची वसाहत होती, शाळा होती. नोकरी म्हणजे क्वार्टर, असं त्या काळी होतं. २०१७ साली केंद्राने रसायनीचा कारखाना बंद करायचं ठरवलं, जमिनीचा मोठा तुकडा भारत पेट्रोलियमने घेतला. वसाहत बांधायची पद्धत कारखान्याच्या आधीच मेली होती. आज पाताळगंगेत नवीन शेड उभी राहते तेव्हा कुणी विचारतं का, कामगार राहणार कुठे? २०१५ साली घोषणा झाली, २०२२ पर्यंत सर्वांना घर. त्यात शहरातल्या कमी पगारवाल्यासाठी काय होतं? कर्ज काढा, सरकार व्याजात सवलत देईल. म्हणजे सरकारी पैसा घराच्या विटेत गेला नाही, बँकेच्या व्याजात गेला. मार्च २०२२ मध्ये तेही संपलं.

आणि ज्यांना कुठलीच बँक दारात उभं करत नाही त्यांचं काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. इर्शाळगडाच्या अंगावरची ठाकरांची इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ ची रात्र. दरड आली. २७ प्रेतं मिळाली, ५७ माणसं मिळालीच नाहीत. सरकारच्या दरडीच्या धोक्याच्या यादीत ती वाडी नव्हती. वाचलेल्यांना आधी कंटेनरमध्ये ठेवलं, मग सिडकोने घरं बांधून दिली. म्हणजे सरकारला घर बांधता येतं! जमीन मिळते, पैसा मिळतो, सिमेंट मिळतं. फक्त त्यासाठी आधी ८४ माणसं गाडली जावी लागतात. त्याच डोंगराचं चित्र फलकावर छापून खाली फ्लॅट विकतात. लाज वाटते का कुणाला?

जगात असंच चालतं असं सांगू नका. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात १९२० च्या दशकात कामगारांच्या पक्षाने सत्तेवर येऊन श्रीमंतांवर कर बसवला आणि त्यातून भाड्याची घरं बांधली. कार्ल मार्क्सच्या नावाची एकच इमारत १९३० साली पुरी झाली, तिच्यात १,३८२ घरं. १९३४ साली त्या इमारतीवर तोफा डागल्या गेल्या, एवढी ती राज्यकर्त्यांच्या डोळ्यात सलत होती. आजही त्या शहरातला जवळजवळ निम्मा माणूस नगरपालिकेच्या किंवा सरकारी मदतीच्या घरात भाड्याने राहतो, आणि कुणी त्याला 'स्वतःचं काय' विचारत नाही. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सनी १९६६ साली दहा कलमांचा कार्यक्रम काढला, त्यातलं चौथं कलम घराचं होतं. गोरे घरमालक माणसासारखी घरं देत नसतील तर घरं आणि जमीन सहकारी मालकीची करा, अशी ती मागणी होती. कर्ज स्वस्त करा अशी नव्हती. ती मागणी बाजूला पडली, काळ्यांच्या वस्त्यांत चढ्या व्याजाची कर्जं वाटली गेली, आणि २००८ साली सगळं कोसळलं तेव्हा ज्यांनी मोठ्या हौसेने पहिलं घर घेतलं होतं ते पुन्हा रस्त्यावर आले. आपण त्यांच्याकडून नाव घेतलं. आता अक्कलही घेऊ या.

तर काय करायचं? नुसत्या शिव्या घालून मी उठणार नाही.

पहिलं. सोयरिकीत फ्लॅट विचारायचा नाही, सांगायचा नाही. मेळाव्याच्या फॉर्मवरचा तो रकाना काढा. हुंडा मागणाऱ्याला जसा स्टेजवरून खाली उतरवता, तसा फ्लॅट मागणाऱ्याला उतरवा.

दुसरं. वतनाची जमीन विकायची नाही. एजंटच्या कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही, संमतीपत्र नाही. खालापूर-कर्जतच्या वाड्यावाड्यांत किती वर्ग २ जमिनी उरल्या आहेत त्यांचे सातबारे काढा, यादी करा. सात वारस एकत्र येऊन विकू शकतात, तर सात वारस एकत्र येऊन त्याच जमिनीवर सहकारी घरं का बांधू शकत नाहीत? परवानगी एजंटला मिळते, मग आपल्याला का नाही? जिल्हाधिकाऱ्याला हे अलिबागला जाऊन विचारू.

तिसरं. बौद्धवाडीच्या घरांना कागद पाहिजे. २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना चालू आहे. आपली वाडी त्या मोजणीत गावठाणात धरली की बाहेर ठेवली, हे प्रत्येकाने आपल्या ग्रामसेवकाला विचारायचं. कागदावर नवरा-बायको दोघांचं नाव.

चौथं. कारखाना तिथे भाड्याची सरकारी घरं, आणि कंत्राटी कामगार कायम. भाडेकरूची जात विचारणाऱ्याला, आडनाव ऐकून नाही म्हणणाऱ्याला शिक्षा होईल असा कायदा. एकट्यापुरता दिलासा नको.

हे होणार नाही म्हणता? आपल्याच जिल्ह्यात, तो कुलाबा होता तेव्हा, अलिबागकडच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ साली संप केला. खोताचं शेत कसायचं नाही. सहा वर्षं जमिनी ओस ठेवल्या, उपास काढले, पण मान तुकवली नाही. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती बंद करण्याचं बिल आणलं, जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेले. आगरी, कुणबी, महार एकत्र. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. त्या माणसांनाही सोयरे विचारत असतील, शेत पडीक ठेवून पोरांचं लग्न कसं करणार?

माझं सांगतो. सात सह्यांपैकी पाच झाल्या. आत्या आणि बाबा राहिले. बाबा माझ्याकडे बघतात, मी नाही म्हटलं म्हणून ते थांबलेत. मामा बोलत नाही. कल्याणची मंडळी दुसरीकडे गेली. एजंट दर आठवड्याला येतो, भाव २२ वरून २५ वर गेला आहे. उद्या आत्या वाकेल का, मला माहीत नाही. तिच्याही पोराला मुलगी बघायची आहे आणि तिच्या पेटीतही घरपट्टीच्या पावत्याच आहेत. तिला मी एकटा धरून ठेवू शकत नाही. या पानाचे वाचक, वाडीतली पोरं, तुम्ही येऊन तिच्या पडवीत बसलात तर धरू शकू.

दिवाळीनंतर गवंडी बोलावला. दोन दिवसांत आमच्याच घरात ओटा घातला. कडप्पा, वर पांढऱ्या टाइल्स, ११ हजार रुपये. आई पहिल्या दिवशी उभी राहून भाकऱ्या थापायला लागली आणि मध्येच थांबून बोलली,

"याचा हप्ता किती रे?"

नाही आई. याला हप्ता नाही.

जयभीम.